मानवी तस्करी, दातांचा दवाखाना आणि सोबत आलेला माणूस

दाढदुखी (धागालेखक) | विभाग: आरोग्य

ज्या माणसाला कुणीतरी ताब्यात ठेवलंय, त्याला डॉक्टरकडे कधी नेतात? काम थांबलं की. ताप गोळीवर उतरतो, अंगदुखी मारून नेता येते, पण पू झालेली दाढ ऐकत नाही. गाल सुजला, तोंड उघडेना, रात्रभर कण्हणं सुरू झालं, की ठेकेदाराला, मालकाला, नाहीतर कुंटणखान्याच्या घरवालीला खिशात हात घालावाच लागतो. मी भिवंडी-कल्याण पट्ट्यात दवाखाना चालवते. आजूबाजूला यंत्रमाग, गोदामं, वीटभट्ट्या. असे पेशंट आमच्या खुर्चीपर्यंत येतात आणि दाढ काढून परत जातात, हे गृहीत धरूनच मी हे लिहितेय.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देहव्यापाराच्या तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांना विचारलं होतं, की ताब्यात असताना तुम्ही कुठल्याही आरोग्यसेवेपर्यंत पोचला होतात का. सुमारे ८८ टक्के जणी 'हो' म्हणाल्या. अर्ध्याहून जास्त जणींना दातांचे त्रास होते, त्यात दात गमावणं सगळ्यांत जास्त. आकडे तिकडचे आहेत, ते जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. पण ओपीडीत बसलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही.

बीडीएसला (दंतवैद्यकाच्या पदवीला) आपण फॉरेन्सिक ओडोंटॉलॉजी, म्हणजे न्यायवैद्यक दंतशास्त्र, शिकतो ती मृतदेहाची ओळख पटवायला आणि चाव्याच्या खुणा जुळवायला. समोर जिवंत बसलेल्या पेशंटबद्दल त्या धड्यात फारसं काही नसतं. म्हणून जे वाचलं, विचारलं आणि पाहिलं ते इथे मांडते.

नेटवर अशा पेशंटच्या 'लक्षणांच्या' याद्या भरपूर मिळतात आणि त्यातल्या निम्म्या आपल्याकडे निरुपयोगी आहेत. म्हणे सोबतचा माणूसच उत्तरं देतो. अहो, आपल्याकडे सुनेच्या दाढेचा इतिहास सासूच सांगते! म्हणे अंगावर गोंदलेलं असतं. आपल्या आज्यांच्या हनुवटीवर काय होतं? म्हणे रोख पैसे देतात, ओळखपत्र दाखवत नाहीत. दातांच्या दवाखान्यात ओळखपत्र मागतं कोण?

मग माझ्या मते वजन कशाला द्यायचं?

सगळ्यात आधी, सांगितलेलं वय आणि तोंड यांचा मेळ. केसपेपरवर २० लिहिलंय, आणि तोंडात दुसरी दाढ नुकती हिरडीतून डोकावतेय, शेजारी दुधाची दाढ अजून हलतेय. दुसरी कायमची दाढ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येते. एखादा दुधाचा दात मोठेपणीही राहतो हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा एका दातावरून काही ठरत नाही. आरव्हीजीत (दातांच्या डिजिटल एक्स-रेत) त्या दाढेच्या मुळांची टोकं उघडी दिसली, तर मात्र वीस वर्षांची गोष्ट उरत नाही. अक्कलदाढ नसण्याला काही अर्थ नाही, ती अनेकांना येतच नाही.

दुसरं, जखम आणि हकिकत. 'पायरीवरून पडली' म्हणतात तेव्हा वरचे पुढचे दात, हनुवटी, तळहात आणि गुडघे यांवर एका वेळच्या खुणा अपेक्षित असतात. एक दात जुना मोडून काळा पडलाय, दुसरा नवा मोडलाय, जबड्याचं जुनं फ्रॅक्चर वाकडं जुळून दात नीट मिटत नाहीत, ओठाच्या आत वेगवेगळ्या वयाचे वण आहेत. हे एका पायरीचं काम नव्हे. टाळूच्या मागच्या भागात लाल ठिपके दिसले तर जबरदस्तीच्या मुखमैथुनाची शक्यता पुस्तकात दिलेली असते. पण डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या, जोराचा खोकला किंवा उलट्या झाल्या तरी तसेच ठिपके येतात. पावसाळ्यात आधी ताप विचारा.

तिसरं शब्दांत पकडायला अवघड आहे. वाचवता येण्यासारखा पुढचा दात 'काढूनच टाका' असं सोबतचा माणूस म्हणतो. गरीब माणूसही पैशांपायी हेच म्हणतो, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष नको. पण गरीब नवरा दात काढायला सांगतो तेव्हा बायकोकडे बघतो, दर विचारतो, घासाघीस करतो, सरकारीत होईल का म्हणून विचारतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस एकच विचारतो, 'संध्याकाळी कामावर उभी राहील ना?' आणि पेशंट 'दुखतंय का' या प्रश्नालाही आधी त्याच्याकडे बघून उत्तर देते.

यातलं काहीही एकटं पुरत नाही. दोन-तीन गोष्टी जुळल्या तर मी एवढंच करते, की दोन मिनिटं पेशंट एकटा मिळवते. आपल्याकडे त्यासाठी जे कारण आहे ते फिजिशियनकडेही नसतं. एक्स-रे! 'एक्स-रे काढायचाय, तुम्ही बाहेर थांबा' यावर कुणी वाद घालत नाही, कारण नियमच तसा आहे. त्या दोन मिनिटांत 'तुझी तस्करी झाली आहे का' असलं विचारायचं नाही. साधं विचारायचं. कुठे राहतेस? तिथून मनात येईल तेव्हा बाहेर पडता येतं? पगार हातात मिळतो की कुणाकडे जमा होतो? कागदपत्रं कुणाकडे आहेत? घरी शेवटचा फोन कधी केला होतास?

भाषेची अडचण येतेच. बंगाली, नेपाळी, उडिया, कन्नड. सोबतच्या माणसाला दुभाषा करायचं नाही, फोनवरचं भाषांतर वापरायचं. ओबडधोबड असतं पण चालतं.

आणि हे करू नये: सोबतच्याला जाब विचारणं, चोरून फोटो काढणं, डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आज एक केस आली' म्हणून टाकणं, पेशंटच्या हातात हेल्पलाइनचं छापील कार्ड कोंबणं. ते कार्ड गल्लीच्या तोंडाशी सापडलं तर मार तिला बसतो. ११२ (तातडीची मदत), १८१ (महिला) आणि १०९८ (मुलं) हे आकडे तोंडी लक्षात राहतात, तेवढे सांगावेत.

इथे डॉक्टर, वकील, संस्थांमध्ये काम करणारे बरेच जण आहेत. आपापल्या बाजूनं लिहा.

---

भरतीओहोटी

वाचून अंगावर काटा आला. एक बाळबोध प्रश्न. मला तस्करी म्हटलं की बुधवार पेठ, कामाठीपुराच डोळ्यांसमोर येतात. तुम्ही वीटभट्ट्या का घेतल्या त्यात?

---

दाढदुखी

@भरतीओहोटी, बाळबोध नाही, सगळ्यांचं तसंच होतं. २०२३ साली धाराशिव जिल्ह्यात विहिरी खोदायला आणलेल्या मजुरांना ठेकेदारांनी साखळ्यांनी बांधून ठेवल्याचं उघडकीस आलं होतं. धडधाकट बाप्ये होते ते. त्याच्या आदल्या वर्षी इगतपुरीकडच्या कातकरी कुटुंबांतली लहान मुलं थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन मेंढ्यांमागे नेली होती. त्यातली एक मुलगी दगावली, तेव्हा कुठे बातमी झाली. फसवून, धाकानं किंवा पैशाच्या लोभानं माणूस उचलायचा, न्यायचा, ठेवून घ्यायचा आणि त्याच्याकडून काम काढायचं, हे सगळं तस्करीतच येतं. काम कुठलं, हा नंतरचा प्रश्न.

---

जुनाजाणता

लेख चांगला, पण पटला नाही. दातांच्या डॉक्टरनं दात बघावेत. उद्या न्हावी, शिंपी, रिक्षावाले सगळेच तपास करायला लागतील. तीस वर्षं प्रॅक्टिस केली, पेशंटच्या घरात नाक खुपसलं नाही, म्हणून पेशंट टिकले. तुम्ही दोन मिनिटं त्या मुलीला विचारणार, ती काहीतरी बोलणार, मग पुढे? पोलीस तुमच्या दवाखान्यात, साक्षीला तुम्ही कोर्टात, आणि तो बाहेरचा माणूस तुमच्या मुलांची शाळा सुटायच्या वेळी गेटवर.

---

नोटीसपीरियड

@जुनाजाणता, काका, भीती खोटी नाही. पण पेशंट १८ वर्षांखालचा असेल आणि लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर 'मी नाक खुपसत नाही' हा पर्याय कायद्यानं ठेवलेलाच नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती किंवा तसा गुन्हा होण्याची शंका असलेल्या कुणाही व्यक्तीनं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं असतं. 'कुणाही' मध्ये डेंटिस्ट आला. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. उलट, प्रामाणिक हेतूनं कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तर त्याच कलम १९ मध्ये तुम्हाला संरक्षण आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, शंका कळवणं आहे.

सज्ञान पेशंटचं वेगळं. तिच्या संमतीशिवाय परस्पर पोलिसांना फोन करणं मी सहसा सुचवणार नाही. जिवाला आत्ताच्या आत्ता धोका दिसत असेल तर ११२. नाहीतर माहिती द्या, निर्णय तिला घेऊ द्या. मात्र तस्कर कोर्टात 'ती राजीखुशीनं आली होती' म्हणाला तर त्याचा उपयोग नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ लागू आहे (आधीचं भादंवि ३७०), त्यात पीडिताची संमती गैरलागू आहे असं स्पष्ट लिहिलंय. आणि तस्करी झालेली व्यक्ती आहे हे माहीत असून तिचं लैंगिक शोषण करणाऱ्याला कलम १४४ लागतं.

मजुरीची केस वाटली तर वेठबिगारी कायदा, १९७६. प्रांत किंवा कलेक्टर ऑफिसकडे तक्रार जाते, तिथून मुक्ती प्रमाणपत्र मिळतं. २०१६ च्या केंद्रीय योजनेत प्रकारानुसार १ लाख ते ३ लाख रुपये पुनर्वसनासाठी आहेत. शिवाय तस्करीच्या पीडिताला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००.

आता डॉक्टरांनी खरोखर उपयोगी पडायचं तर केसपेपर. मी अशा खटल्यांत डॉक्टरांचे कागद पाहिलेत. 'ट्रॉमा टू अँटिरियर टीथ, एक्स्ट्रॅक्शन डन.' म्हणजे पुढच्या दातांना इजा, दात काढला. संपलं. यावर कोर्टात मी काय करू? कुठला दात, किती मोडलाय, जखम ताजी की जुनी, मापं, पेशंट काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत अवतरणात, आणि सोबतचा काय म्हणाला ते वेगळं. तुमचा निष्कर्ष लिहू नका. 'मारहाण झालेली आहे' असं लिहिण्यापेक्षा 'सांगितलेल्या कारणाशी जखम सुसंगत वाटत नाही' हे उलटतपासणीत टिकतं.

---

चेअरसाइड

पहिल्यांदाच लिहितेय. मी डॉक्टर नाही, दवाखान्यात असिस्टंट आहे. फोन घेणं, नाव लिहिणं, उपकरणं ऑटोक्लेव्ह करणं, सक्शन धरणं, सगळं मीच. डॉक्टरांना खुर्चीवरचा पेशंट दिसतो. बाकावर बसलेला आम्हाला दिसतो.

पेशंट बाथरूमला गेली की सोबतचा उठून दाराशी उभा राहतो का, ते आम्ही बघतो. नाव विचारलं की पेशंट अडखळते आणि तो पटकन सांगतो, दुसऱ्या वेळी वेगळंच सांगतो. फोन त्याच्याकडे असतो. 'मोबाईल नंबर?' म्हटलं की तो स्वतःचा देतो. आमच्याकडे एकदा तोच नंबर वेगवेगळ्या चार मुलींच्या नावापुढे निघाला होता. कंप्युटरमुळे कळलं, वहीत असतं तर कळलंच नसतं.

सांगायचं एवढंच, की प्रशिक्षण द्याल तेव्हा आम्हालाही बसवा. डॉक्टर शिकून येतात आणि आम्हाला कुणी काही सांगत नाही. मग डॉक्टर म्हणतात 'तुम्ही बाहेर थांबा' आणि मीच भोळेपणानं म्हणते, 'येऊ द्या ना सर, ती घाबरलीय.'

आणि नंबर लिहायचे तर बाथरूमच्या दाराला आतून लावा. तिथे एकटंच जावं लागतं. हिंदी, बंगाली, नेपाळीत.

---

दाढदुखी

@चेअरसाइड, तुमचा प्रतिसाद माझ्या अख्ख्या लेखापेक्षा कामाचा आहे. एकाच नंबरवर चार नावं, हे मी उद्याच आमच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधून बघणार. बाथरूमचं दारही.

---

रात्रपाळी

मी सुटका झालेल्या मुली-बायकांच्या निवासगृहात काम करते. (जागा सांगणार नाही, विचारू नका.) इथली चर्चा ओळखण्यावर चाललीय, ठीक आहे, पण दंतवैद्यांची जास्त गरज त्याच्या पुढच्या टप्प्यात आहे आणि तिकडे कुणी फिरकत नाही, म्हणून लांबण लावते.

मुली येतात तेव्हा पहिल्या आठवड्यात रक्त, लघवी, एचआयव्ही, गरोदरपण सगळं तपासलं जातं. दात कुणी बघत नाही. महिन्याभरानं झोपेच्या तक्रारी थोड्या निवळल्या की दाढा बोलायला लागतात. मग सरकारी रुग्णालयात न्यायचं. त्यासाठी पोलीस सोबत लागतो, गाडी लागते, पत्र लागतं. आरसीटीला (रूट कॅनालला) तीन-चार खेपा. पहिल्या खेपेला सगळं जुळून येतं, दुसऱ्या खेपेला बंदोबस्त कुठल्यातरी सभेला गेलेला असतो. दात उघडा, तात्पुरतं सिमेंट पडलेलं, परत सूज. शेवटी तिथले डॉक्टर म्हणतात, काढून टाकू. एकोणीस वर्षांच्या मुलीचा पुढचा दात जातो तो असा. त्यांचा तरी काय दोष, बाहेर रांग असते.

पुढचा दात गेलेली मुलगी हसत नाही, तोंडावर हात धरून बोलते, शिवणकामाच्या नाहीतर ब्युटी पार्लरच्या वर्गात मागे बसते. नोकरीच्या मुलाखतीला जायचं टाळते. तुमच्या लेखी ती एका दाताची काढघालीची कवळी असते.

खुर्चीबद्दल सांगते. तुम्हाला वाटत नाही, पण तुमची खुर्ची भयंकर असते. आडवं पाडलेलं, डोळ्यांवर दिवा, वर वाकलेला पुरुष, तोंडात त्याची बोटं, गिळता येत नाही, बोलता येत नाही. आमची एक मुलगी इंजेक्शनला घाबरत नव्हती, खुर्ची मागे जायला लागली की ओरडायची. ज्या डॉक्टरनं तिचं काम केलं त्यांनी खुर्ची उभीच ठेवली, स्वतः कंबर मोडेस्तोवर वाकले. हात वर केला की थांबायचं, हे पहिल्या दिवशी ठरवलं आणि ती विनाकारण हात वर करून बघायची तेव्हाही प्रत्येक वेळी थांबले. पहिल्या भेटीत आरशानं फक्त बघितलं, काम काही नाही. 'तोंड उघड', 'हलू नकोस', 'झालं, झालं, एक मिनिट' ही तुमची रोजची वाक्यं आहेत. तिनं ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली असतात. त्याऐवजी पुढे काय करणार ते सांगा आणि 'करू का?' विचारा. बाईमाणूस खोलीत असू दे, दार लोटलेलं असू दे, पण कडी नको. इंप्रेशनचा (दातांचा साचा घ्यायचा) ट्रे घशाकडे गेला की उलटी होणारच, धीर धरा.

तिची गोष्ट विचारू नका. पोलीस, दंडाधिकारी, बालकल्याण समिती, समुपदेशक, डॉक्टर, सगळ्यांना सांगून ती दमलेली असते. दाताला जितकं लागतं तितकंच विचारा. आणि हात जोडून सांगते, आधीचा-नंतरचा फोटो इन्स्टाग्रामला नको. डोळ्यांवर काळी पट्टी लावली तरी नको.

बांगलादेश-नेपाळच्या मुलींचं आणखी एक. त्यांना घरी परत पाठवायची प्रक्रिया रेंगाळते आणि मग एक दिवस अचानक आदेश येतो. त्यामुळे काम अशा टप्प्यांत करा, की प्रत्येक टप्प्यावर थांबलं तरी चालेल. आणि काय केलंय, काय राहिलंय याचा एक कागद तिच्या हातात द्या. त्यावर संस्थेचं नाव नको, तस्करीचा उल्लेख नको. नुसता दातांचा कागद.

---

मोलरबाई

@रात्रपाळी, ताई, सुन्न केलंत. मी लहान मुलांची दंतवैद्य आहे. 'करू का?' विचारणं, हाताची खूण, पहिल्या भेटीत नुसतं दाखवणं, हे सगळं आम्ही चार वर्षांच्या पोरांसाठी शिकतो. मोठ्यांसाठी कुणी शिकवत नाही हे आत्ता लक्षात आलं.

वयाबद्दल भर घालते. दाढदुखींनी लिहिलेलं दवाखान्यापुरतं ठीक, पण अधिकृत वय ठरवणं आपल्या हातात नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, मग पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसेल तरच बालकल्याण समितीच्या आदेशानं हाडांची किंवा इतर अद्ययावत वैद्यकीय चाचणी. ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) तिथे उपयोगी पडतो. डाव्या खालच्या सात दातांच्या वाढीवरून वय काढायची डेमिर्जियन यांची १९७३ ची पद्धत आजही वापरात आहे, पण ती फ्रेंच-कॅनेडियन मुलांवरून बेतलेली, त्यामुळे आपल्या मुलांना लावताना फरक पडतो. शिवाय सोळाच्या आसपास हे सात दात पूर्ण होतात. म्हणजे कोर्टाला जिथे नेमकं हवं असतं, सतरा की एकोणीस, तिथे हातात फक्त अक्कलदाढेची मुळं उरतात आणि त्यांची वाढ बेभरवशाची. हाडांच्या चाचणीत दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात हे सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच जयामाला खटल्यात मान्य केलंय. तेव्हा ज्यांना असं मत द्यायची वेळ येईल त्यांनी एक आकडा देऊ नये, पल्ला द्यावा. आणि आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हेही न्यायालयानं २०२४ मध्ये म्हटलंय. ते पुढे करून कुणी 'बघा, एकवीस' म्हणालं तर हुरळू नका.

---

कृष्णाकाठ

मी मिरजेचा. थोडा विरोधी सूर लावतो. धंद्यातली प्रत्येक बाई तस्करीतली नसते. आमच्याकडे संग्राम ही संस्था आणि वॅम्प, म्हणजे वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही धंद्यातल्या बायकांची संघटना, यांच्या बायका वर्षानुवर्षं हेच सांगतायत, की 'सुटके'च्या छाप्यांनी आमचं नुकसानच जास्त झालं. सर्वोच्च न्यायालयानंही १९ मे २०२२ च्या बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणातल्या आदेशात म्हटलंय, की सज्ञान आणि स्वखुशीनं काम करणाऱ्या स्त्रीला पोलिसांनी त्रास देऊ नये.

दातांच्या डॉक्टरांनी उत्साहानं शोधमोहीम सुरू केली तर या बायका दवाखान्यातच येणं बंद करतील. आधीच कितीतरी जण पत्ता ऐकला की 'अपॉइंटमेंट नाही' म्हणतात, ग्लोव्हजच्या दोन जोड्या चढवतात. तिची दाढ नीट बघा, बाकीच्यांसारखाच दर लावा. तिचा तुमच्यावर विश्वास बसला तर एखाद्या दिवशी शेजारच्या खोलीत नवीन आलेल्या पोरीबद्दल तीच सांगेल. आमच्याकडे अशा बातम्या याच बायकांकडून येतात, बाहेरच्यांना कळायच्या कितीतरी आधी.

---

दाढदुखी

@कृष्णाकाठ, सूर विरोधी वाटला नाही. लेखात हे यायला हवं होतं. पत्ता कुठला आहे यावरून मी शंका घेत नाही. वय, जखमा आणि धाक, एवढंच बघते. दोन जोड्या ग्लोव्हजबद्दल बोललात ते बरं केलंत. संसर्गाची काळजी प्रत्येक पेशंटला सारखीच घ्यायची असते, पत्ता बघून नाही, हे पहिल्या वर्षाला शिकवतात आणि पहिल्या नोकरीत लोक विसरतात.

---

टेक्सासची वारी

ह्यूस्टनहून. इथे टेक्सासमध्ये २०१९ च्या कायद्यानंतर परवाना नूतनीकरणासाठी तस्करीवरचं प्रशिक्षण आम्हा डेंटिस्टनाही सक्तीचं आहे. मिशिगनमध्येही आहे. ऑनलाइन असतं, शेवटी प्रश्न असतात. खरं सांगायचं तर निम्मे लोक जेवताना एका बाजूला लावून ठेवतात.

पण त्यातली एक गोष्ट मला पटली आणि ती तुमच्याकडेही चालेल. इथल्या रुग्णालयांत वापरतात त्या एका पद्धतीत क्रम ठरलेला आहे. आधी एकांत द्यायचा, मग माहिती द्यायची, विचारायचं त्यानंतर. म्हणजे 'तुला कुणी मारतं का' हे आधी विचारायचं नाही. आधी म्हणायचं, 'आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना घरी किंवा कामावर त्रास असतो, म्हणून आम्ही सगळ्यांनाच सांगतो, की हा नंबर चोवीस तास चालतो.' समोरचीनं काहीच कबूल केलं नाही तरी तिला जे हवं ते मिळालेलं असतं. तिनं 'नाही' म्हटलं तर ते मान्य करायचं. पुढच्या खेपेला बोलेल कदाचित. नाही बोलली तरी दाढ तर बरी झाली.

इथल्या भारतीय घरांत मोलकरीण म्हणून आणलेल्या बायकांचे पासपोर्ट काढून घेतल्याच्या केसेस कोर्टात गेलेल्या आहेत, हे जाता जाता. आपण सगळे 'तिकडच्या' लोकांबद्दल बोलत असल्यासारखं वाटलं म्हणून.

---

जुनाजाणता

टेक्सासवाल्यांचा क्रम मला जमेल असा आहे. सगळ्यांनाच सांगायचं म्हटलं तर त्यात नाक खुपसणं नाही. वकीलसाहेबांनी पोक्सोचं सांगितलं ते मला खरंच ठाऊक नव्हतं. आमच्या काळी हा कायदाच नव्हता.

गेटवरच्या माणसाचं उत्तर मात्र कुणी दिलेलं नाही.

---

नोटीसपीरियड

@जुनाजाणता, पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. धोका कमी करता येतो. दवाखान्यातून, पेशंट बाकावर असताना फोन करू नका. ती गेल्यावर करा, लहान मूल तात्काळ धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. जिल्ह्यातल्या मानवी तस्करीविरोधी पथकाच्या अधिकाऱ्याची ओळख आधीच करून ठेवा, म्हणजे ठाण्याच्या काउंटरवर सगळ्यांसमोर बोलावं लागत नाही. १०९८ ला फोन केलात तर नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. आणि एकट्यानं करू नका. तुमच्या डेंटल असोसिएशनच्या शाखेतल्या चार डॉक्टरांनी मिळून एका संस्थेशी संधान बांधलं, की फोन कुणी केला हे बाहेर कळत नाही.

---

भरतीओहोटी

१०९८ अजून चालू आहे ना? बंद झाल्याचं ऐकलं होतं.

---

रात्रपाळी

चालू आहे. आधी संस्थांमार्फत चालायचं, २०२३ पासून शासनाचा महिला व बालविकास विभाग चालवतो आणि ११२ शी जोडलंय. फोन एकदा करून बघा म्हणजे तुमच्या जिल्ह्यात कोण उचलतं ते कळेल. गरज पडायच्या आधी करा.

---

दाढदुखी

@रात्रपाळी, आमच्या असोसिएशनच्या शाखेत मी विषय काढलाय. सहा जण तयार आहेत, दोघींकडे पोर्टेबल खुर्ची आहे. मोलरबाई ओपीजीसाठी ओळखीच्या सेंटरशी बोलतायत. निवासगृहात येऊन काम करायचं तर सुरुवात कुठून करायची? संस्थेला थेट फोन केला तर चालेल का?

---

रात्रपाळी

थेट आत घेता येत नाही, कुणालाच. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या नावानं पत्र द्या. सगळ्यांची नोंदणी क्रमांकासहित नावं, असिस्टंटचीही. लहान मुलींच्या गृहात यायचं असेल तर बालकल्याण समितीला वेगळं पत्र. 'शिबिर' हा शब्द टाळा, नाहीतर बॅनर आणि पाहुणे येतात. 'दर पंधरवड्याला नियमित उपचार' असं लिहा, आणि जमणार असेल तरच लिहा, कारण मुली दिवस मोजतात. समिती ज्या दिवशी बसते तो दिवस सोडून बोला, त्या दिवशी निम्म्या मुली हजेरीला गेलेल्या असतात. वीजजोडणी बरी आहे, पाण्याचा दाब कमी आहे, सक्शनची सोय तुमची तुम्ही आणा. आणि सहापैकी बायका किती, ते आधी कळवा.